कुकी, कुकडी आणि अंगठा

कुकी म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्याच मोबाईलमध्ये ठेवून दिलेली चिठ्ठी. तिच्यात जास्तीत जास्त ४ किलोबाइट मजकूर मावतो. लग्नपत्रिकेवर भावकीतल्या सगळ्या निमंत्रकांची नावे घालायची म्हटली, तर तेवढी जागा पुरणार नाही. नगर–सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात, म्हणजे कर्जत तालुक्यात, ‘कुकी’ हा शब्द कानावर पडला की ऐकणारा तो मनातल्या मनात दुरुस्त करून ‘कुकडी’ असा घेतो. यात त्याचा दोष नाही. कुकडी प्रकल्पाचे पाणी भोसे खिंडीच्या बोगद्यातून सीना धरणात कधी येणार, हा या भागातला जिव्हाळ्याचा विषय आहे आणि मोबाईलमधल्या चिठ्ठ्यांचा अजून तितका झालेला नाही. तरी दोहोंत साम्य बरेच आहे. दोन्ही वरून कुठून तरी सुटतात, मध्ये कोण कोण उपसतो ते दिसत नाही, आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या माणसाला बातमी सगळ्यांत शेवटी कळते.

चिठ्ठीची गरज पडली ती सर्व्हरच्या विसराळूपणामुळे. किराणा दुकानदाराला गिऱ्हाईक आठवते, त्याची उधारी आठवते आणि प्रसंगी त्याच्या वडिलांची राहिलेली उधारीही आठवते. वेबच्या सर्व्हरचे तसे नाही. एक पान दिले की तो माणसाला विसरतो, आणि तोच माणूस दुसऱ्या क्षणी दुसरे पान मागायला आला की त्याला नवखा पाव्हणा समजतो. अशा दुकानात टोपलीत साबण टाकून माणूस तेलाकडे वळला, तर साबण कोणाचा हेच दुकानदाराला कळेना. यावर नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने १९९४ मध्ये तोडगा काढला. दुकानदाराने वही ठेवायची नाही. गिऱ्हाइकाच्याच खिशात चिठ्ठी टाकायची, आणि त्याने दर खेपेला ती दाखवायची. संगणकवाल्यांत अशा देवघेवीच्या खुणेला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यातले ‘कुकी’ तेवढे उरले. मिरजगावात चहाबरोबर खारी आणि टोस्ट चालतो. हा शोध इथे लागता, तर आज जगभर खारीची संमती मागितली गेली असती.

गिऱ्हाइकाच्या खिशात चिठ्ठी आहे, हे गिऱ्हाइकाला सांगायचे मात्र राहून गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या फायनान्शियल टाइम्सने त्यावर लेख छापला, तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा आपला खिसा चाचपावासा वाटला.

कुकीच्या दोन जाती आहेत. पहिली घरची: ज्या संकेतस्थळावर माणूस गेला, त्यानेच दिलेली. ती गाईसारखी गरीब असते. भाषा कोणती निवडली, टोपलीत काय टाकले, एवढेच लक्षात ठेवते. दुसरी तिऱ्हाइताची, आणि सगळा वाद तिच्यावरून आहे. आठवड्याच्या बाजारात प्रत्येक दुकानाच्या दाराशी एकाच मालकाचा एकेक माणूस उभा आहे अशी कल्पना करावी. तो काही विकत नाही, काही घेत नाही. अमुक माणूस बियाण्याच्या दुकानात शिरला, मग औषधाच्या, मग सोनाराकडे डोकावून तसाच बाहेर आला, एवढे टिपून ठेवतो. संध्याकाळी मालकाच्या हाती निष्कर्ष पडतो: लेकीचे लग्न ठरते आहे, हात आखडता आहे, आणि गुडघा दुखतो आहे. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने हवामान पाहायला मोबाईल उघडला, की ढगाच्या शेजारी मंगल कार्यालय, सोनेतारण कर्ज आणि गुडघ्याचे तेल अशा तीन जाहिराती उभ्या.

गावाला या यंत्रणेचे तंत्र नवे असले तरी तत्त्व ओळखीचे आहे. अनोळखी माणूस एसटीतून उतरला, की स्टँडवरच पहिला प्रश्न येतो, “कोणाकडचे पाव्हणे?” त्याच्या उत्तरातून आडनाव, आडनावावरून गाव, गावावरून भावकी आणि भावकीवरून येण्याचे कारण निघते. पाव्हणा यजमानाच्या दाराशी पोचायच्या आत तो आल्याची खबर पोचलेली असते आणि चहाचे आधण ठेवलेले असते. यासाठी त्याच्या खिशात चिठ्ठी टाकावी लागत नाही. फरक असलाच तर एवढा, की स्टँडवर विचारणाऱ्याचे तोंड दिसते आणि पाव्हण्याला उलट विचारता येते, “आपण कोण?”

टिपलेल्या माहितीचे पुढे काय होते, हे समजायला कांद्याचा लिलाव पाहिलेला असावा. पान उघडायला जो क्षण लागतो, त्या क्षणात वाचकाचा लिलाव होतो. अमुक वयाचा, अमुक भागातला, काल फवारणी पंप पाहिलेला माणूस आला आहे, बोला! कंपन्यांची यंत्रे बोली लावतात, वरचढ बोलीवाल्याची जाहिरात लागते, आणि हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकते. कांद्याच्या लिलावात शेतकरी निदान ट्रॉलीजवळ उभा असतो. भाव पडला तर कपाळाला हात लावतो, आणि हमाली-तोलाई कापून का होईना, पट्टी त्याच्या हातात पडते. इथे मालही वाचक आणि मालकही वाचक, पण पट्टी तिसऱ्याच्याच नावावर फाटते. संकेतस्थळ उघडताच संमती मागणारी जी पाटी समोर येते, तिच्यावर पहिले वाक्य असते, ‘आपल्या खासगीपणाची आम्हाला किंमत आहे.’ ते अक्षरशः खरे असते. किंमत त्यांनाच ठाऊक असते.

तिऱ्हाइताच्या कुकीवर बंदी घालण्याचा इतिहास छोटा आहे, पण कालव्याच्या टेलला राहणाऱ्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०१९–२० च्या सुमारास तिला दाराबाहेर काढले. सगळ्यांत मोठ्या क्रोमने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की दोन वर्षांत तिला बंद करू. मग मुदत २०२३ झाली, मग २०२४ झाली, मग पुढची झाली. जुलै २०२४ मध्ये बेतच बदलला, आणि एप्रिल २०२५ मध्ये स्पष्ट झाले की कुकी आहे तिथेच राहील. आवर्तनाची तारीख जाहीर होणे आणि पाणी चारीला लागणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे या तालुक्यात शाळकरी पोरालाही माहीत असते.

कायदा या भानगडीत पहिल्यांदा शिरला तो युरोपात. तिथल्या २००२ च्या निर्देशात २००९ साली दुरुस्ती झाली आणि चिठ्ठी खिशात टाकण्याआधी माणसाची संमती घ्यावी असे ठरले. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा मोठा कायदा लागू झाला आणि संमती म्हणजे काय याची व्याख्या कडक झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीतल्या एका ऑनलाइन सोडतीच्या प्रकरणात सांगितले, की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. पान आधीच वाढून ठेवले, म्हणून पाव्हणा जेवायला बसला असे होत नाही. मग कंपन्यांनी पाट्या लावल्या. प्रत्येक देशाला वेगळी पाटी रंगवण्यापेक्षा सगळ्या जगाला एकच लावणे सोपे पडते. त्यामुळे ब्रुसेल्समध्ये झालेला कायदा मिरजगावच्या रस्त्याकडेच्या हॉटेलात, शेवेच्या बशीशेजारी ठेवलेल्या मोबाईलवर उगवतो आणि क्रिकेटचा स्कोअर झाकतो.

या पाटीचे शरीरशास्त्र असे: उजवीकडे मोठे, हिरवे किंवा निळे, ठसठशीत बटण, ‘सर्व मान्य करा’. डावीकडे करड्या रंगात, उन्हात बसून वाचता येणार नाही अशा बेताने, ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’. हे शब्द मराठीच आहेत, पण कोणत्याही मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसाला ते उच्चारून दाखवल्याची नोंद नाही. त्यावर बोट ठेवले की ‘आम्ही आणि आमचे भागीदार’ अशी यादी उघडते आणि भागीदार कधी कधी कित्येक शे निघतात. एका विहिरीला चार वाटेकरी असले तरी मोटार कोणी सुरू करायची यावरून कोर्टकचेरी होते. इथे शेकडो भागीदार एकाच माणसावर गुण्यागोविंदाने नांदतात. शेवटी ‘कायदेशीर हितसंबंध’ नावाचा रकाना असतो. आमंत्रण नाही, पण येण्याला कारण आहे, अशा पाव्हण्यांची पंगत तिथे बसलेली असते.

खरे तर ही पाटी मराठी माणसाला कायदेपंडितांच्या आधी समजायला हवी होती, कारण तिचे सगळे डावपेच पंगतीतले आहेत. पंगतीत ‘नको’ हा नकार मानला जात नाही. पहिल्या ‘नको’चा अर्थ ‘थोडे वाढा’, दुसऱ्याचा ‘आग्रह करा’. खरा नकार द्यायचा तर पानावर हात आडवा धरावा लागतो, आणि मुरलेला वाढपी तरीही बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. पाटीवाल्यांनी हीच कला कोडमध्ये उतरवली. ‘मान्य’ एका टिचकीत, ‘नको’ तीन खोल्यांच्या आत, आणि नकार देऊन आलेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आग्रह. फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाला हा आग्रह गोड लागला नाही. नाकारणे हे मान्य करण्याइतके सोपे ठेवले नाही, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये त्याने गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जाहीर केले. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी बाद ठरवले. सतत भुणभुण लावणे, टोपलीत गुपचूप जिन्नस सरकवणे, शब्दांचा घोळ घालून हो वदवून घेणे, नाही म्हणणाऱ्याला ओशाळे करणे वगैरे. ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे लिहिलेले नकाराचे बटण शेवटच्या प्रकारात मोडते. ‘आमच्या घरचं गोड लागत नाही का?’ हेही त्याच जातीचे, पण वाढपी प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत.

एवढे होऊनही पाटी वाचतो कोण? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की माणसाने भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे गोपनीयता धोरण वाचायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे २४४ तास लागतील. आठ तासांचा दिवस धरला तर हे तीस दिवसांचे काम झाले. रोजगार हमीच्या दिवसांतले तीस दिवस नुसते वाचनाला लावावे लागतील, आणि मस्टरवर त्याची नोंद होणार नाही. ब्रिटनमधल्या व्हिडिओ गेमच्या एका दुकानाने २०१० च्या एक एप्रिलला आपल्या ऑनलाइन अटींत गुपचूप एक कलम घातले: गिऱ्हाइकाने आपला अमर आत्मा कंपनीला द्यावा. सुमारे साडेसात हजार जणांनी तो दिला. सावकारांनी जमीन लिहून घेतली, घर लिहून घेतले, बैल लिहून घेतले. आत्मा कोणाला सुचला नव्हता.

सावकार या चर्चेत उगाच आलेला नाही. न वाचता दिलेल्या संमतीचा महाराष्ट्रातला सगळ्यांत गाजलेला खटला याच पट्ट्यातला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत तालुक्यांत पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकऱ्यांचा रोख रोख्यांवर होता. सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिला, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागद तेवढा जाळला गेला. कारण त्या कागदावर काय लिहिले आहे, हे ज्याने खूण केली त्याला वाचता येत नव्हते. अक्षरशत्रू कुणबी कागदावर नांगर काढी आणि शेजारी लिहिणारा लिही, ‘निशाणी नांगर’. नांगर उमटला की अटी मान्य. मुद्दल किती, व्याज काय, मुदत कधी, हे सगळे ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’च्या आत.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. त्यात एक साधी, पण आजच्या पाटीवाल्यांना घाम फोडील अशी तरतूद होती. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त ग्राम निबंधकासमोर लिहिला जावा, त्याला मोठ्याने वाचून दाखवला जावा, आणि मगच त्यावर त्याची खूण घेतली जावी. मिरजगावच्या हॉटेलात स्कोअर पाहणाऱ्या प्रत्येकाला असे धोरण मोठ्याने वाचून दाखवायचे ठरले, तर कसोटी सामना संपून पुढची मालिका सुरू होईल आणि चहावाल्याचा धंदा तेवढा वाढेल.

नांगराच्या निशाणीचा पुढचा प्रवास सरळ आहे. नांगर जाऊन ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि शाईचा अंगठा काचेवर आला. आता रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर ‘थंब द्या’ म्हणतात. खुरपून, भाकरी थापून रेषा झिजलेल्या बाईचा थंब लागत नाही. मशीन तीनदा नाही म्हणते, तेव्हा बाई बोट पदराला पुसते आणि चौथ्यांदा ठेवते. सेवा केंद्रात ओटीपी येतो आणि तो गुप्त ठेवावा असे मेसेजमध्येच लिहिलेले असते. म्हणून केंद्रचालक रांगेतल्या चौदा जणांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, “काकू, ओटीपी आला का?” आणि काकू त्याहून मोठ्याने, एकेक आकडा सुटा करून सांगतात. एवढ्यात पडद्यावर पाटी येते. काकू विचारतात, “काय लिव्हलंय रे?” उत्तर ठरलेले असते, “काही नाही, ओके करायचंय.” १८७९ च्या कायद्यातल्या मोठ्याने वाचून दाखवण्याची ही संक्षिप्त आवृत्ती होय. आणि ओके दाबणारे बोट बहुधा अंगठाच असते. लिहिता-वाचता येणारा माणूसही मोबाईलवर अंगठेबहाद्दरच.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे २४ ऑगस्ट २०१७ रोजी ठरले. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने तसा निकाल दिला. नगर जिल्ह्याचा या हक्काशी संबंध थोडा गुंतागुंतीचा आहे. याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दरवाजे न लावण्याची रीत आहे, आणि २०११ मध्ये तिथे युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा तिची देशभर बातमी झाली. खासगीपणाला नेमका गावरान शब्दही सापडत नाही. आडपडदा आहे, आडोसा आहे, पण ते दोन्ही तात्पुरते. त्यातल्या त्यात जवळची आहे ती म्हण: झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण म्हणजे माहितीच्या बाजारभावाचा मराठीतला पहिला अंदाज म्हणता येईल. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मूठ उघडी टाकणाऱ्या कंपनीला कमाल दंड २५० कोटी रुपये ठेवला आहे. इतकी भाववाढ कांद्यालाही कधी मिळाली नाही.

हा कायदा ४४ कलमांचा आहे आणि त्यात कुकी हा शब्द नाही. ज्याची माहिती, त्याला कायदा ‘डेटा प्रिन्सिपल’ म्हणतो. गावात प्रिन्सिपल म्हटले की कॉलेजचे आठवतात. त्यामुळे मिरजगावचा प्रत्येक मोबाईलधारक एका रात्रीत प्रिन्सिपल झाला, तरी पगारात फरक पडला नाही. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात या प्रिन्सिपलसाठी सर्वत्र ‘ती’ हे सर्वनाम वापरले आहे आणि त्यात पुरुषही धरावेत असे व्याख्येत म्हटले आहे. सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावायला का-कू करणारा शेतकरीही या कायद्यापुरता ‘ती’ आहे. माहिती सांभाळणाऱ्या कंपनीला ‘डेटा फिड्युशिअरी’ हे नाव मिळाले. अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो. विश्वस्त मंडळांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी या शब्दाने हुरळून जाऊ नये.

संमती मोकळ्या मनाने दिलेली, नेमक्या कामासाठी, माहिती घेऊन, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी आणि ती स्पष्ट कृतीतून दिसावी, असे कायदा सांगतो. कामाला लागेल तेवढीच माहिती घ्यावी, हे त्याने उदाहरण देऊन समजावले आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने रुग्णाकडे त्याच्या मोबाईलमधले सगळे नंबर मागितले आणि त्याने ‘हो’ म्हटले, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल. कारण खोकल्याच्या निदानाला साडूचा नंबर लागत नाही. आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत पाहण्याची सोय असली पाहिजे. म्हणजे मराठीत. ती ‘प्राधान्ये व्यवस्थापित करा’च्या मराठीत असावी की मिरजगावच्या, हे कलमात सांगितलेले नाही.

कायद्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाची कलमे लगेच लागू झाली. संमती व्यवस्थापकांची एका वर्षाने, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. संमती व्यवस्थापक हा नवा प्राणी आहे. माणसाने कोणाकोणाला हो म्हटले आहे, याचा एका जागी हिशेब ठेवणारा आणि सांगितले की ते हो मागे घेऊन देणारा. त्याची मत्ता किमान दोन कोटी रुपये हवी. सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाला अशी अट कधीच नव्हती, आणि जुळलेली मोडून देण्याची जबाबदारी तर नव्हतीच.

कायदा कुठे लागू होत नाही, ही यादी गावाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. डिजिटल नसलेल्या माहितीला तो लागू नाही, म्हणून गावचा पार निर्धास्त. घरगुती कामासाठी कोणी माहिती हाताळली तर लागू नाही, म्हणून लग्नाचा बायोडाटाही सुरक्षित. मुलीची उंची, रंग, शिक्षण, पत्रिका आणि मुलाची बागायत, जिरायत, पगार, एवढे सगळे एका फोटोत बसवून मामा तो मावशीला पाठवतो, मावशी जावेला, आणि आठ दिवसांत तो तीन तालुके फिरून मूळ मुलीच्याच मोबाईलवर ‘चांगलं स्थळ आहे, बघा’ म्हणून येतो. तिऱ्हाइताच्या कुकीला एवढी मजल अजून मारता आलेली नाही. शिवाय जी माहिती कायद्यानेच जाहीर करायची असते, तिलाही सूट आहे. सातबारा त्यात येतो. गट नंबर टाकला की शेजाऱ्याचे क्षेत्र, पोटखराबा आणि इतर अधिकारांच्या रकान्यात बसलेला सोसायटीचा बोजा घरबसल्या दिसतो. माणूस आपला मोबाईल बायकोपासून लपवतो आणि कर्ज महाराष्ट्रापुढे उघडे असते.

ओळख पटवण्यासाठी विचारली जाणारी गुपिते तर या मातीत तग धरतच नाहीत. आईचे माहेरचे आडनाव काय, हा पाश्चात्त्य बँकांचा आवडता गुप्त प्रश्न. इथे ते बायोडाटात ‘मामाचे कूळ’ म्हणून आणि लग्नपत्रिकेत मामांच्या नावांसह ठळक छापलेले असते. जन्मतारीख विचारावी, तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने १ जून टाकलेली. त्या एका दिवशी अर्ध्या गावाचा वाढदिवस असतो, आणि चोराला पहिल्याच झटक्यात बरोबर उत्तर सापडते. कायद्याने प्रिन्सिपललाही कर्तव्ये दिली आहेत: दुसऱ्याचे सोंग घेऊ नये, सरकारी दाखल्यासाठी माहिती देताना महत्त्वाचे काही दडवू नये, खोटी तक्रार करू नये, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड. १ जूनचे सोंग गुरुजींनी घातलेले असल्यामुळे ते यात बहुधा धरले जाणार नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची, तर पालकांची पडताळून घेतलेली संमती लागेल आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. हेतू उत्तम आहे. पण घरातला नवा मोबाईल सुरू कोणी केला, त्यात पासवर्ड कोणी घातला आणि वडिलांचे खाते कोणी उघडले, याचा शोध घेतला तर तो सातवीतल्या पोरापर्यंत जाऊन थांबतो. पाटी आली की वडील मोबाईल पोरापुढे धरतात, “बघ रे, काय म्हणतंय?” पोरगं बघतं, दाबतं आणि सांगतं, “झालं.” पालकांनी दिलेली पडताळणीयोग्य संमती ती हीच.

या कायद्याचा एक धागा पुन्हा नगर जिल्ह्यातच येऊन अडकतो. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात माहिती अधिकाराने जोर धरला, २००२ चा राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. त्या कायद्यात सार्वजनिक हित मोठे असेल तर वैयक्तिक माहितीही देता येईल, असे वैयक्तिक माहिती रोखणाऱ्या कलमातच म्हटले होते. नव्या कायद्याच्या ४४ व्या कलमाने ते वाक्य काढून वैयक्तिक माहितीला सरसकट सूट दिली. कार्यकर्ते म्हणतात, उद्या मस्टरवरची नावेही वैयक्तिक ठरतील आणि खोटे मजूर सुखाने जगतील. सरकार म्हणते, हिताचा तराजू दुसऱ्या पोटकलमात शाबूत आहे. परिणामी आडोसा कोणाला मिळाला, नागरिकाला की फायलीला, यावर दोन्ही बाजू आडवा हात धरून बसल्या आहेत.

राहिले दोन विषय: संमती मागे घेणे आणि वारस. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असा नियम आहे. १८७५ मध्ये त्यासाठी बाजारात होळी पेटवावी लागली होती. आता ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन सगळ्या कुकी पुसता येतात. मात्र इथे एक मेख आहे. माणसाने मागे कधी नकार दिला असेल, तर तो नकार लक्षात ठेवण्यासाठी संकेतस्थळ त्याच्या मोबाईलमध्ये एक चिठ्ठी ठेवते, आणि ती चिठ्ठी म्हणजे कुकीच. सगळ्या कुकी पुसल्या की नकारही पुसला जातो आणि पाटी नव्या उत्साहाने आग्रहाला येते.

वारसाची तरतूदही कायद्यात आहे. आपल्या पश्चात आपले माहितीचे हक्क कोणी बजावावेत, यासाठी नाव नोंदवून ठेवता येते. म्हणजे भावाभावांत वाटून घ्यायच्या वस्तूंत विहीर, बांधावरचा आंबा आणि घराण्याची तलवार यांच्या जोडीला आजोबांचा पासवर्ड आला. कुकी मात्र वाटणीत येत नाही. २०२२ पासून क्रोममध्ये तिचे आयुष्य जास्तीत जास्त ४०० दिवसांचे ठेवले आहे. मुदत भरली की ती आपोआप जाते. तिला ना फेरफार लागतो, ना वारस नोंद. माणूस हयात असला, तर पुढच्या खेपेला स्कोअर झाकून पाटी येते आणि त्याचा अंगठा उजवीकडच्या हिरव्या बटणावर जातो.